फाटकातली वरात

महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी आमच्या नौपाड्यातल्या दिवाणखान्यात दहा-बारा शिकलीसवरलेली माणसं जमतात आणि भलतीसलती गाणी ऐकतात. भलतीसलती म्हणजे चावट नव्हेत, तसलं काही माझ्या घरात चालायचं नाही. म्हणजे खोकल्याच्या औषधाची जाहिरात भैरवीत आळवणारा बुवा, संपाच्या काळात बँकेतल्या लोकांनी रचलेली कॅशियरची लावणी, नाहीतर कुकरच्या शिट्ट्यांवर म्हटलेलं बडबडगीत. माझ्या बहिणीनं मला एकदा विचारलं, "अगं सुमा, जगात इतकं चांगलं संगीत असताना हे कशाला ऐकता?" मी म्हटलं, चांगलं ऐकायला तुम्ही सगळे आहात की. ह्यांना कोण आहे?

मंडळाचं नाव तिरपागडे संगीत मंडळ. संस्थापक, अध्यक्ष, चिटणीस आणि एकमेव वक्ते आमचे हे, त्र्यंबकराव. आयुष्यभर विमा कंपनीत मान खाली घालून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर ही थेरं सुरू केली. मी आधी नाक मुरडलं. आता सगळ्यांत जास्त मीच हसते, पण ते त्यांना कबूल करायचं नाही असं मी ठरवलेलं आहे.

मंडळाचे नियम कडक. गाणं आणणाऱ्यानं आधी प्रस्तावना करायची नाही आणि गाणं चालू असताना स्वतः हसायचं नाही. आवडलं तर टाळ्या वाजवायच्या नाहीत. प्रत्येकाच्या हातात एक स्टीलची वाटी नि चमचा असतो. जी जागा आवडली तिथं वाटी वाजवायची. ज्याच्या गाण्याला एकही वाटी वाजली नाही, त्यानं उठून सगळ्यांसाठी चहा टाकायचा. माझ्या एकूण एक वाट्यांना पोचे पडलेले आहेत. पाहुणे आले की शेजारून मागून आणते.

तर 'फाटक' हे गाणं आमच्याकडे मुकुलनं आणलं. मुकुल डोंबिवलीचा, तिथल्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट आहे, त्यामुळे त्याची नखं कधी जांभळी तर कधी पिवळी असतात. रद्दीवाल्याकडे त्याला एक जुनी कॅसेट मिळाली. वर कागद नाही, लेबल फाटलेलं, गायक कोण, काढली कोणी, काही पत्ता नाही. दुसऱ्या बाजूचं अगदी शेवटचं गाणं त्यानं लावलं आणि आमच्या दिवाणखान्यात जो काही कल्ला झाला तसला त्याआधी कधी झाला नव्हता.

गाणारी एक बाई होती. आवाज इतका बारीक आणि बोलणं इतकं भरभर, की पहिल्या वेळी शब्दही नीट कळले नाहीत. लोक आवाजावरच लोळत होते. दुसऱ्यांदा लावल्यावर गोष्ट कळली. एक वरात रेल्वेच्या फाटकात अडकलीय आणि फाटक उघडतच नाही.

"उघड की रे फाटक, भाऊ, उघड की रे फाटक,
वरात माझी उभी हितं, तुझं काय नाटक!
मालगाडी गेली, मागनं डबा गेला, डब्यामागनं इंजिन गेलं,
गेलं ते इंजिन परत आलं, इसरलं काय ते घेऊन गेलं!"

पुढं तर कहरच आहे. फाटक काही उघडत नाही आणि वय मात्र सगळ्यांचं वाढत राहतं.

"नवरदेवाची दाढी पिकली, करवलीची नात रांगली,
घोडी व्याली, शिंगरू झालं, शिंगराची बी वरात लागली!"

मग शेवटचं कडवं. त्यात फाटकात ताटकळलेल्या सगळ्या गोतावळ्याची नावं एका दमात येतात. मामाची मावशी, मावशीचा मेव्हणा, मेव्हण्याची आत्या, आत्याचा व्याही, अशी ती रांग संपता संपत नाही. ती संपली की मध्येच एक 'च्यूंss' असा आवाज येतो. मग शेवट.

"फाटक उघडलं, वरात धावली, पल्याड नवरी दिसंना,
ती तर पुलावरनं आली, मागं उभी, हसू आवरंना!"

ह्यांनी या गाण्यावर एक सिद्धांत मांडला. गायिकेनं आवाज मुद्दाम चिमणीचा काढलाय, कारण तारेवर बसलेल्या चिमणीच्या नजरेनं ती वरातीकडे बघते. या शैलीला त्यांनी 'चिवचिव शैली' असं नाव दिलं. त्या अनाम बाईला आम्ही सगळे 'चिमणी' म्हणू लागलो. मधला 'च्यूं' म्हणजे रबरी खेळण्याचा संगीतातला अपूर्व वापर, हेही ह्यांचंच संशोधन. त्यासाठी तलावपाळीवरून एक रबरी बदक विकत आणलं. एका ग्रंथालयात यावर व्याख्यानही झालं. श्रोत्यांमध्ये मी होते, आणि ग्रंथपाल होते कारण किल्ली त्यांच्याकडे होती.

मार्चमध्ये मंडळाचा वर्धापनदिन असतो. त्या दिवशी स्पर्धा ठेवलेली असते. ते गोतावळ्याचं कडवं कॅसेटबरोबर, त्याच वेगानं, एका दमात म्हणून दाखवायचं. बक्षीस म्हणून एका जुन्या रिक्षाचा पितळी भोंगा शोकेसमध्ये ठेवलेला आहे, मागं रबरी फुगा असलेला. जिंकल्याशिवाय तो कुणी वाजवायचा नाही. आजवर कुणालाच वाजवता आला नाही. मुकुल आत्याच्या व्याह्यापर्यंत पोचतो आणि खोकत सुटतो. मी मेव्हण्यापाशीच हसते.

यंदा जानेवारीत ह्यांचा खांदा आखडला. आमच्याच गल्लीतल्या दवाखान्यात रचना नावाची फिजिओथेरपिस्ट आहे, पस्तिशीची, कळव्याची, हाताला धरून माणसाला रडवणारी. खांदा पिरगळून घेता घेता ह्यांनी तिला मंडळाची सगळी माहिती सांगितली. तिनं बहुधा गप्प करायला म्हणून "येते एकदा" म्हटलं, आणि खरंच आली. पहिल्यांदा येणाऱ्याला आम्ही 'फाटक' ऐकवतोच. मुकुलनं गाणं लावलं. वाट्या वाजायला लागल्या. ह्यांनी बदक हातात घेतलं.

रचना हसत नव्हती. पहिल्याच ओळीला तिनं चमचा खाली ठेवला होता. 'च्यूं'च्या जागी ह्यांनी बदक दाबलं, गाणं संपलं, आणि ती म्हणाली, "काका, हे माझ्या आईचं गाणं आहे."

एकदम गलका झाला. हे उठून उभेच राहिले. "चिमणी? चिमणी तुझी आई? अगं, कुठं असतात त्या? त्यांना घेऊन ये, आत्ताच्या आत्ता!"

"ती नाही येणार," रचना म्हणाली. "आणि प्लीज, तिला चिमणी नका म्हणू. त्या नावापायीच तिनं गाणं सोडलंय."

मग तिनं जे सांगितलं ते ऐकताना कुणाच्या हातातली वाटी वाजली नाही. तिची आई शांताबाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. तरुणपणी स्वतः गाणी रचायच्या, कळव्यातल्या त्यांच्या वसाहतीत जयंतीच्या कार्यक्रमात म्हणायच्या. रचनाचे वडील कुंडलिक ढोलकी वाजवायचे. 'फाटक' इतकं गाजलं, की कुंडलिकनी त्यांना कल्याणच्या एका छोट्या स्टुडिओत नेलं. पाच-सहा मंडळींची मिळून एक कॅसेट निघणार होती. शेवटी कॅसेटवर जागा कमी पडली. स्टुडिओवाल्यानं गाणं कापलं नाही, मशीनचा वेग वाढवला आणि ते उरलेल्या जागेत कोंबलं. कॅसेट जयंतीच्या दिवशी स्पीकरवर लागली. सगळी वसाहत आवाजाला हसली, शब्द कुणी ऐकलेच नाहीत. शेजारच्या भीमाबाईनं 'चिमणी' नाव ठेवलं आणि ते चिकटलं. ऑफिसातही मुली 'चिमणी, नंबर जोडून दे' म्हणायच्या. शांताबाई त्यानंतर स्टेजवर चढल्याच नाहीत. घरातसुद्धा गुणगुणल्या नाहीत.

"मी तर तिचं गाणं कधीच ऐकलं नाहीये," रचना म्हणाली. "एक कॅसेट होती घरी, ती मी लहानपणी चोरून लावलेली. म्हणून ओळखलं."

"वेग वाढवला?" हे पुटपुटले. "असं कसं? मग शैली?" माझ्या नवऱ्याचा चेहरा मी चाळीस वर्षांत असा पडलेला पाहिला नव्हता. मला हसू येत होतं आणि त्यांची दयाही येत होती.

मुकुलनं तोवर लॅपटॉप उघडला होता. "वेग वाढवला असेल तर कमी पण करता येतो," तो म्हणाला. त्यानं गाणं थोडं हळू केलं. चिमणीची शाळकरी मुलगी झाली. अजून हळू केलं. मुलगी मोठी झाली. "मला खरा वेग कसा कळणार पण?" त्यानं रचनाला विचारलं. "तू सांग, आईचा आवाज कधी वाटतो ते."

"आईचा गाण्यातला आवाज मला माहीतच नाही," ती म्हणाली. "थांब. तो च्यूं येतो ना, तिथं लाव."

मुकुलनं ती जागा लावली. च्यूं. हळू केलं, कुणीतरी कण्हल्यासारखं झालं. अजून हळू केलं, आणि एका पुरुषाचा भरदार, खुशीतला आवाज आमच्या खोलीत आला. "हां, शांते!"

"बस," रचना म्हणाली. "हे बाबा." कुंडलिक जाऊन नऊ-दहा वर्षं झाली होती. ती रडायला लागली आणि मीही रडले, लपवायचं कशाला. ह्यांनी हळूच रबरी बदक खिशात टाकलं. मग मुकुलनं त्याच वेगात अख्खं गाणं लावलं. खालच्या पट्टीतला, ठसक्यातला, हसू दाबून गोष्ट सांगणारा बाईचा आवाज होता तो. एकेक शब्द स्वच्छ. घोडीच्या ओळीआधी ती क्षणभर थांबायची, तो थांबा आम्हाला कधी ऐकूच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षानं खाडीपुलापलीकडे कळव्याला गेले. ह्यांना यायचं होतं, मी नेलं नाही. ते तिथं जाऊन माफी मागता मागता व्याख्यान देतील अशी मला धास्ती होती.

दार रचनानं उघडलं. शांताबाई सत्तरीला आलेल्या, ताठ, नीटनेटक्या. रचनानं आधी सांगितलं असणार. "जय भीम, या," म्हणाल्या. मी जय भीम म्हणून बसले. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या बाजूला कुंडलिकरावांचा. कपाटावर ढोलकी, तिला शिवलेली खोळ.

"किती लोक ऐकता तुम्ही ते?" त्यांनी विचारलं.

"दहा-बारा."

"आणि त्या गाणाऱ्या बाईला काय म्हणता?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "चिमणी," मी म्हटलं.

त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, झालं, आता आपण निघावं. आत भांड्यांचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आला. मग आतूनच आवाज आला, "हसता कुठं?"

"काय?"

त्या दारात आल्या. हातात साखरेचा डबा होता. "गाण्यात कुठल्या जागेवर हसता, ते विचारतेय. आवाजाला हसणारा पहिल्याच ओळीला हसतो. मला चांगलं माहितीय ते."

"पहिल्यांदा आवाजालाच हसलो," मी म्हटलं. "पण तेवढ्यावर कुणी वर्षानुवर्षं तेच गाणं ऐकत नाही हो. आता आम्ही करवलीच्या नातीला हसतो. घोडीला तर नेहमीच. मला सगळ्यांत आवडतं ते इंजिन. विसरलेलं घ्यायला परत येतं ते."

शांताबाईंच्या तोंडावर काहीतरी हललं. "इंजिन कुंडलिकला पण आवडायचं," त्या म्हणाल्या. "मी म्हणायचे, अरे घोडी जास्त भारी आहे. आमचं भांडण व्हायचं त्यावरून."

मी मोबाइल काढला आणि मुकुलनं हळू केलेलं गाणं लावलं. त्या उभ्याच राहिल्या. स्वतःचा आवाज त्यांनी मान खाली घालून ऐकला. 'हां, शांते!' आलं तेव्हा त्यांनी साखरेचा डबा टेबलावर ठेवला आणि फोटोकडे बघितलं. चहा उतू गेला. रचना आत पळाली.

"परत लावा," शांताबाई म्हणाल्या. मी परत लावलं. तिसऱ्यांदा त्यांनीच लावलं. मग डोळे पुसून अगदी ऑफिसातल्या आवाजात बोलल्या. "येते मी तुमच्याकडं. पण एकटी नाही यायची. भीमाबाईला घेऊन येणार. खालच्या मजल्यावर राहते ती. जिनं नाव ठेवलं, तिच्यासमोर म्हणणार. जमतंय का बघा."

"जमतंय म्हणजे? पायघड्या घालते," मी म्हटलं.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं तर ते आनंदानं उड्या मारायचेच बाकी राहिले. पण रात्रीच्या जेवणाला पुन्हा कुरकुर सुरू झाली. "ते ठीक आहे गं, पण हळू गाण्यात ती मजा नाही. वेगाची मजा वेगाचीच. त्या मशीनवाल्याच्या हातून चुकून का होईना, एक अद्भुत गोष्ट झालीय." मी म्हटलं, हे जर तुम्ही त्या बाईंसमोर बोललात, तर पुढचा महिनाभर स्वतःचं जेवण स्वतः करा.

वर्धापनदिनाला आमचा दिवाणखाना भरून गेला. मी शेजारून नव्या वाट्या आणल्या. शांताबाई मोरपंखी साडी नेसून आल्या होत्या. दोन जिने चढूनही त्यांना दम लागला नव्हता. त्यांच्यामागून कठड्याला धरत, कुरकुरत भीमाबाई आल्या. ऐंशीच्या घरातल्या, ठेंगण्या, तोंडाच्या फटकळ. "कशाला आणलंय गं मला हितं, शांता? हे लोक काय वाट्या घेऊन बसलेत? जेवाय घालनार हायेत का?"

शांताबाईंनी उभं राहून सांगितलं, "ढोलकी नाही. मी आपली टाळी धरते. वाटी वाजवायची असेल तर शब्दाला वाजवा. आवाजाला वाजवाल तर मी खाली बसेन." शाळेत बाई ओरडल्यावर मुलं बसतात तशी आमची शिकलीसवरलेली माणसं सरळ होऊन बसली.

त्या गायला लागल्या. आवाज थोडा कापरा होता, पहिल्या ओळीला तर मला भीतीच वाटली. कुणी हसलं नाही. कुणाची हिंमतच झाली नाही. मग इंजिन गेलं, परत आलं, विसरलेलं घेऊन गेलं, आणि माझी वाटी कधी वाजली ते मलाच कळलं नाही. ती पहिली वाटी होती. शांताबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा आवाज सुटला. करवलीच्या नातीला चार वाट्या. मग त्या थांबल्या, तो घोडीआधीचा थांबा. नुसत्या भुवया उचलल्या. "घोडी व्याली," म्हणाल्या मात्र, मुकुल खुर्चीवरून खाली सरकला. वाट्या, चमचे, ताटल्या, जे हाताला लागेल ते लोक वाजवत होते. भीमाबाई तोंडाला पदर लावून गदागदा हलत होत्या.

गोतावळ्याचं कडवं आलं. मामाची मावशी, मावशीचा मेव्हणा. प्रत्येक नातेवाइकाचं तोंड त्या वेगळं करत होत्या. मेव्हणा नाक वर करून, आत्या कंबरेवर हात ठेवून, व्याही पोट पुढं काढून. रांग संपली. आणि त्या थांबल्या.

इथं कुंडलिक ओरडायचे. शांताबाई त्या जागेवर येऊन उभ्या राहिल्या आणि पुढं जाता येईना. ओठ उघडे होते, सूर येत नव्हता. रचना अर्धवट उठली. ह्यांचा हात खिशाकडे गेला, मी तो गच्च धरला.

"हां, शांते!"

भीमाबाई. पदर खाली टाकून, मांडीवर थाप मारून, अख्खी चाळ गोळा होईल असल्या आवाजात ओरडल्या. "हां, शांते! आता थांबतीस व्हय? म्हन की पुढं! नवरीला काय मागंच उभी ठेवतीस?"

आणि शांताबाईंनी फाटक उघडलं. वरात धावली, पल्याड नवरी दिसेना, ती पुलावरून येऊन सगळ्यांच्या मागं उभी, आणि तिला हसू आवरेना. शांताबाईंनाही आवरलं नाही. शेवटचा शब्द त्यांनी हसतच म्हटला. मग वाट्यांचा असा काही गजर झाला, की खालच्या मजल्यावरचे लेले वर बघायला आले आणि दारातच उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं.

भीमाबाई म्हणत होत्या, "अगं बया, हे असलं गानं होतं ते इसरलेच की मी! मग त्या कॅसेटीत का नाय असं म्हनलीस?"

"तेव्हा पण असंच म्हटलं होतं, भीमाक्का. तुम्ही ऐकलं नाही."

"नाय ऐकलं," भीमाबाई म्हणाल्या. "चुकलंच आमचं." एवढंच बोलून त्यांनी शांताबाईंच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

इथं कार्यक्रम संपायला हरकत नव्हती. पण आमचे हे कसले गप्प बसतायत. ते उठले, घसा खाकरला, माझ्याकडे बघायचं टाळलं. "शांताबाई, अप्रतिम! माझा सगळा सिद्धांत रद्द. पण एक प्रामाणिकपणे सांगू का? त्या वेगाची जी गंमत आहे ना..."

मी डोळे मिटून घेतले. शांताबाई म्हणाल्या, "तो वेग माणसाला जमणारा नाही, असंच ना?"

"आजवर कुणालाच जमलेला नाही," हे म्हणाले आणि शोकेसमधला भोंगा दाखवला.

शांताबाईंनी भोंगा बघितला. मग पदर खोचला. "लावा तुमची चिमणी," म्हणाल्या.

मुकुलनं जुनी कॅसेट लावली. शेवटचं कडवं सुरू झालं, आणि त्या चिरक्या चिवचिवाटाच्या खालून, आपल्या स्वतःच्या खर्जातल्या आवाजात, शांताबाई तोंडानं पळायला लागल्या. मामा गेला, मावशी गेली, आत्या गेली. मुकुल जिथं खोकतो तो व्याही मागं पडला. दिवसभर लोकांची ट्रंककॉलची नावं-गावं-नंबर न अडखळता सांगितलेली जीभ होती ती. एक अक्षर गिळलं नाही. आम्ही वाट्या विसरून उभे राहिलो होतो. कॅसेट शेवटच्या नातेवाइकापाशी पोचली तेव्हा शांताबाई पुढं निघून गेल्या होत्या आणि हातावर हात ठेवून चिमणीची वाट बघत उभ्या होत्या. च्यूं आला. त्यांनी कॅसेटकडे हात केला. "या, या. लई उशीर केलात."

ह्यांनी शोकेस उघडली. भोंगा दोन्ही हातांवर ठेवून असा पुढं आणला, जसा काही राज्याभिषेकच आहे. शांताबाईंनी तो घेतला आणि फुगा दाबला. इतकी वर्षं कुणी न वाजवलेला तो भोंगा असा काही ओरडला, की लेले दचकून मागं सरकले. शांताबाई पुन्हा पुन्हा वाजवत होत्या, रचना त्यांना मिठी मारून हसत होती, आणि माझ्या नौपाड्यातल्या शिस्तीच्या घरात रस्त्यावरच्यासारखा गोंगाट चालला होता. मला इतका आनंद माझ्या लग्नात झाला नव्हता.

जाताना भीमाबाईंनी भोंगा आपल्या हातात घेतला. रिक्षात बसल्यावर त्या तो वाजवत सुटल्या. रिक्षावाला मागं वळून काहीतरी बोलला, तर त्याला सांगत होत्या, "गप रे, आमची शांता जिंकलीय." मी खिडकीत उभी होते. रिक्षा वळणावरून गेल्यानंतरही बराच वेळ भोंगा ऐकू येत होता.

आत वळले तर हे स्वयंपाकघरात चहा टाकत होते. कुणी न सांगता. बदक केराच्या डब्यात पडलेलं दिसलं. मुकुल लॅपटॉप आवरत होता, त्याला ह्यांनी आतून हाक मारली. "मुकुल, जायच्या आधी घोडीचं कडवं परत लाव रे एकदा."

"कुठल्या वेगात?" मी मुद्दाम विचारलं.

हे चहाच्या भांड्याकडे बघत राहिले. "शांताबाईंच्या," म्हणाले.